कोयलीची रिफायनरी: शेजाऱ्यांना काय कळलं, कधी कळलं



बडोद्याच्या मराठी घरांच्या आठवणी निघाल्या की राजवाडा, सुरसागर, गणपती आणि दांडिया बाजारातले वाडे इथपर्यंत आपण येतो आणि थांबतो. पण आपल्या पिढीतल्या कितीतरी घरांचं पोट ज्यावर भरलं, तो इतिहास शहराच्या वायव्येला घडला. कोयली, बाजवा, करचिया, रणोली ही गावं त्याआधी आपल्याला रेल्वेच्या खिडकीतून दिसण्यापुरतीच ठाऊक होती. कारखाने कसे आले हे बहुतेकांना माहीत आहे. कारखान्यांच्या शेजाऱ्यांना काय सांगितलं गेलं, याचा हिशेब मात्र कोणी मांडलेला नाही. बँकेत आयुष्य गेल्यामुळे हिशेब मांडायची सवय आहे, म्हणून लिहितो.

सुरुवात तेलापासून. १९५८ मध्ये खंभातजवळ आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल सापडलं. गुजरात राज्यही १९६० सालचंच. सोव्हिएत रशियाच्या मदतीने कोयलीला रिफायनरी उभारायचं ठरलं. १० मे १९६३ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली. १० लाख टनांचं पहिलं युनिट ऑक्टोबर १९६५ मध्ये सुरू झालं आणि पुढच्या वर्षी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी रिफायनरी राष्ट्राला अर्पण केली. मी तेव्हा शाळेत होतो. रावपुऱ्यात भाजी घेणारे रशियन साहेब आणि त्यांच्या मडमा बघायला आम्ही पोरं मागे मागे जायचो.

मग रांगच लागली. शेजारी खताचा कारखाना आला, १९६७ पासून त्याचं उत्पादन सुरू झालं. १९६९ मध्ये आयपीसीएल स्थापन झाली. कच्चं तेल तापवून त्यातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल वेगळं करतात, त्यातच नाफ्था निघतो. हा नाफ्था शेजारच्या कारखान्यांचा कच्चा माल. म्हणजे हे कारखाने नुसते शेजारी नव्हते, एकमेकांना नळांनी जोडलेले होते. जवाहरनगर, फर्टिलायझरनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. आपल्या घरांतून फिटर, ऑपरेटर, केमिस्ट, टायपिस्ट झाले. पगाराचे चेक आमच्या काउंटरवर यायचे, त्यामुळे शहराला काय मिळालं ते मी रोज मोजत होतो. ते नाकारणं कृतघ्नपणाचं होईल.

पण त्या काळात माहिती म्हणजे काय होतं? पायाभरणीचा फोटो, किती टन उत्पादन, किती नोकऱ्या. काय बनणार ते सगळ्यांना कळलं. काय बाहेर पडणार, ते कोणी सांगितलं नाही आणि खरं म्हणजे कोणी विचारलंही नाही. जमिनीचे पैसे ठेवायला येणारे शेतकरी आम्हाला एवढंच विचारत, "साहेब, किती वर्षांत डबल?" त्याचं उत्तर आमच्या फलकावर लिहिलेलं होतं. उरलेल्या शेताचं आणि विहिरीचं पुढे काय, याचं उत्तर कुठल्याच फलकावर नव्हतं.

सांडपाण्याचा प्रश्न मोठा होत गेला. मिनी आणि मही या नद्यांना ते झेपेना. म्हणून सुमारे ५६ किलोमीटर लांबीचा कालवा बांधला गेला. धनोऱ्यापासून पादरा तालुक्यातून थेट जंबुसर तालुक्यातल्या सारोदपर्यंत, खंभातच्या आखाताच्या तोंडाशी. १९८३ मध्ये तो सुरू झाला. प्रक्रिया केलेलं पाणी समुद्राकडे न्यायचं, ही कल्पना त्या वेळी देशात नवी होती आणि शहराची नदी त्याने बरीच वाचली. पण वाटेतल्या गावांना नोकऱ्या कमी आणि कालवा जास्त मिळाला. त्या पट्ट्यातल्या विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्याच्या तक्रारी पुढे वर्षानुवर्षं चालू राहिल्या. त्या गावांना बातमी पेपरातून कळली नाही, पाण्याच्या रंगावरून कळली.

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ झालं. त्या रात्री लोकांना हेसुद्धा ठाऊक नव्हतं की वायू कुठला आहे आणि पळायचं कुठल्या दिशेला. त्यानंतर कायदे आले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याची माहिती कामगारांनाच नव्हे, आसपासच्या रहिवाशांनाही देणं कारखान्यावर बंधनकारक झालं. १९८९ च्या नियमांनी कुंपणाबाहेरचा आपत्कालीन आराखडाही सक्तीचा केला आणि अपघात झाल्यास काय करावं, हे शेजाऱ्यांना आधीच सांगायला सांगितलं. १९९७ पासून मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी आली. २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीची ३० दिवस आधी जाहिरात द्यावी लागते आणि प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो. २०१७ मध्ये गुजरातमधल्याच पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाची मोजमापं लोकांना ऑनलाइन दिसतील अशी व्यवस्था करायला सांगितलं.

कागदावर जमेची बाजू भक्कम झाली. पण कागद घरात पोचला का?

आपल्या मराठी घरांचं एक वेगळं सांगतो. आपण गुजराती फर्डी बोलतो, भाजीवाल्याशी घासाघीस करतो. पण कित्येक घरांत पेपर मात्र मुंबईहून येणारा मराठी. मुंबईच्या लोकलचा संप आम्हाला कळायचा, पण गुजराती दैनिकात आतल्या पानावर आलेली रणोलीची सूचना कळायची नाही. सरकारने स्थानिक भाषा म्हणून गुजराती घेतली हे बरोबरच आहे. ती सूचना वाचणं ही जबाबदारी आपली होती.

आणि हे आपल्याच गावात व्हावं! सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन साहेबांना बोलावून गावोगाव ग्रंथालयं उघडली, पेट्यांतून फिरती पुस्तकं पाठवली. रयतेला वाचता आलं तर ती विचारेल, हा त्यातला अर्थ. त्याच मुलखात शेजारच्या टाकीत काय साठवलंय हे माहीत नसणं शोभत नाही.

११ नोव्हेंबर २०२४ ची दुपार सर्वांना आठवत असेल. कोयलीला बेंझीनच्या टाकीचा स्फोट झाला. धुराचे लोट कित्येक किलोमीटरवरून दिसत होते. दोन कामगारांचा मृत्यू झाला. त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीत प्रत्येकाच्या फोनवर वेगळी बातमी होती. कोणी म्हणे खिडक्या लावा, कोणी म्हणे गावाबाहेर निघा. १९८९ चा नियम होऊन ३५ वर्षं झाली होती, तरी भोंगा कुठला आणि वारा कुठला याचं उत्तर आमच्या मजल्यावर एकाकडेही नव्हतं.

सुरुवातीला वर्षाला २० लाख टनांची योजना असलेली ही रिफायनरी आज १ कोटी ३७ लाख टनांची आहे आणि १ कोटी ८० लाख टनांकडे निघाली आहे. शहर तर केव्हाच तिच्या कुंपणापर्यंत पोचलं. गोरवा, उंडेरा, छाणी इथे आता आपलीच मुलं फ्लॅट घेतात. कर्जाचे कागद आपण दहा वेळा वाचतो, बिल्डरला पार्किंग विचारतो. त्याच यादीत चार प्रश्न घाला: जवळच्या कारखान्यात धोक्याचं काय साठवलं आहे, इशाऱ्याचा भोंगा कसा वाजतो, तो वाजल्यावर घरात थांबायचं की निघायचं, आणि कुठल्या बाजूला. जिल्हाधिकारी कचेरीत आपत्कालीन आराखडा असतो. विचारायला माहिती अधिकार आहे, तो २००५ पासून.

कारखान्याचे भागधारक वर्षाला ताळेबंद मागतात. आपण शेअर घेतले नसतील, पण त्याच हवेत श्वास घेतो. तेवढी भागीदारी ताळेबंद मागायला पुरेशी आहे.

ज्यांच्या घरातलं कोणी पहिल्या तुकडीत कोयलीला लागलं होतं, किंवा ज्यांचं शेत त्या कालव्याच्या काठी होतं, त्यांनी जरूर लिहावं. दोन्ही बाजूंच्या नोंदी आल्याशिवाय खातं जुळत नाही.