सिवनीची टोळी

रुडयार्ड किपलिंगच्या ‘द जंगल बुक’ (१८९४) आणि ‘द सेकंड जंगल बुक’ (१८९५) या कथासंग्रहांतील लांडग्यांची काल्पनिक टोळी. मोगली या माणसाच्या पोराला थारा दिला तो हिनेच. मुलूख मध्य प्रदेशातील सिवनीचा, नदी वैनगंगा; तीच पुढे भंडारा-गडचिरोलीकडे उतरते. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने या कथा लिहायला घेतल्या मात्र दूर अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये.

टोळीचा नायक अकेला. हा थोराड करडा लांडगा सभेच्या खडकावर ऐसपैस पसरलेला असतो आणि खाली चाळीसेक लांडगे, मुरलेल्या जुन्या खोडांपासून तीन वर्षांच्या काळ्या पोरांपर्यंत. तरुणपणी तो दोनदा सापळ्यात पडला होता, एकदा तर मार खाऊन मेला समजून टाकला गेला होता. माणसांच्या रीतीभाती त्याला ठाऊक आहेत त्या अशा. तरीही तो राजा नव्हे. पिल्लाच्या प्रवेशावरून वाद झाला, तर आईबापांखेरीज दोघांनी त्याची बाजू घ्यावी लागते. मोगलीसाठी पहिला बोलला बल्लू अस्वल. दुसरा काळा बिबळ्या बघीरा, आणि त्याने सोबत नुकताच मारलेला एक बैल देऊ केला. मताला मोल लावण्याची चाल जंगलातही जुनीच म्हणायची!

नायकपद टिकते ते शिकारीवर. नायकाची झडप एकदा हुकली, की तो जिवंतपणीच ‘मेलेला लांडगा’ ठरतो. शेरखान वाघ नेमका इथे हात घालतो. तरुण लांडग्यांना उष्ट्या मांसाची चटक लावतो, म्हाताऱ्याच्या मागे धावता म्हणून टोमणे मारतो. मग फितूर मंडळी अकेलाला मुद्दाम ताज्या दमाच्या हरणासमोर नेतात आणि त्याची शिकार हुकते. त्या रात्री अकेला खडकावर नाही, खडकाच्या बाजूला पडून असतो. जागा रिकामी झाल्याची ती खूण. एकेकट्याशी झुंजण्याचा शेवटचा हक्क तो मागतो, तेव्हा कोणी पुढे येत नाही. त्याचा जीव वाचतो तो मोगलीने आणलेल्या विस्तवामुळे.

पुढे टोळी फुटते. निर्नायकी लांडग्यांपैकी काही सापळ्यांत सापडून लंगडे होतात. नव्या पिढीत फाओ झुंजून नायक होतो आणि दख्खनेतून दोनशे कोळसुंदे चालून येतात. मोगली त्यांना मधमाश्यांच्या कड्याकडे ओढून नेतो. उरलेल्यांशी झालेल्या लढाईत म्हातारा अकेला पडतो.

खऱ्या लांडग्यांत असे दरबारी राजकारण शोधणे फसवे. रुडोल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये मांडलेली उतरंड पिंजऱ्यातल्या लांडग्यांवरून होती. रानातली टोळी बहुधा आईबाप आणि त्यांची पोरे एवढीच असते, असे डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये दाखवले. शेजारच्या टोळ्यांशी हद्दीवरून जीवघेणी भांडणे मात्र खरीच होतात. घरातलीही होतात: अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या ड्रुइड टोळीत दांडगाई करणारी ४० क्रमांकाची मादी २००० साली आपल्याच टोळीतल्या माद्यांकडून मारली गेली. मग तिची बहीण, क्रमांक ४२, पुढे आली आणि तिने बहिणीची पिल्लेही सांभाळली.

स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९१६ मध्ये लहान मुलांची ‘वुल्फ कब’ पथके या कथांवरूनच बेतली. त्यांतला पथकप्रमुख ‘अकेला’ म्हणवतो आणि मुले उकिडवी बसून आरोळी ठोकत त्याला मान देतात.