घरून काम करताना लिखाण अडतंय? फोन दूर ठेवायचे आणि कामाला लावायचेही सोपे उपाय

मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातली ऑफिसं एकदम घरात आली. आजही अनेकजण आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करतात. कोडिंग एकवेळ होऊन जातं, पण डिझाइन डॉक्युमेंट, रिपोर्ट किंवा क्लायंटला मोठा मेल लिहायचा म्हटलं की स्क्रीन कोरीच राहते.

लिखाण का अडतं?

याला 'रायटर्स ब्लॉक' म्हणतात. बऱ्याचदा कारण साधं असतं: आपण लिहितानाच तपासत बसतो. पहिलं वाक्य मनासारखं जमत नाही आणि हात आपोआप फोनकडे जातो. म्हणजे दरवेळी नोटिफिकेशनच दोषी नसतं, अडल्यावर फोन ही आपली पळवाट असते. म्हणून फोन आणि लिखाण, दोन्हीकडे उपाय हवा.

१. फोकस मोड लावा

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज > डिजिटल वेलबीइंग > फोकस मोड इथे जा. इन्स्टाग्राम, यूट्यूब अशी अ‍ॅप्स निवडा आणि वेळ ठरवा. तेवढा वेळ ती उघडणार नाहीत, त्यांची नोटिफिकेशन्सही दिसणार नाहीत. आयफोनमध्ये आयओएस १५ पासून (२०२१) सेटिंग्जमध्ये 'फोकस' आहे. त्यात घरच्यांचे कॉल चालू ठेवता येतात.

२. आधी बोला, मग लिहा

जीबोर्डमध्ये मराठी निवडून माइकचं बटण दाबा. शेजारच्या सहकाऱ्याला समजावतोय असं धरून बोला: काय करायचंय, का करायचंय, अडचण कुठे आहे. चुका होऊ द्या, हा फक्त कच्चा खर्डा आहे. त्यावरून लॅपटॉपवर नीट लिहा. मात्र क्लायंटची नावं, पासवर्ड किंवा कंपनीची गोपनीय माहिती अशी बोलू नका.

३. २५ मिनिटांचा टायमर

फ्रान्सेस्को सिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी 'पोमोडोरो' पद्धत काढली. २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं विश्रांती. या पद्धतीत आपण एक भर घालू: पहिली २५ मिनिटं फक्त लिहायचं, बॅकस्पेस बंद! तपासणी पुढच्या फेरीत.

४. जागा ठरवा

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं महिन्याचे पैसे भरून एक खुर्ची-टेबल घेतात, कारण तिथे बसलं की अभ्यासच होतो. घरातही एक कोपरा फक्त कामासाठी ठेवा. लिहिताना फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि 'अकरा ते बारा मी कामात आहे' असं घरी आधीच सांगून ठेवा.

हे सगळं करूनही आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर तो फक्त आळस समजू नका. सरकारच्या 'टेली मानस' हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

एरवी मात्र सुरुवात फोकस मोडपासून करा. सेटिंग करायला दोन मिनिटं पुरतात.