चार दारांच्या घरात

सन 1604, भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. तुम्ही अमृतसरला पोचला आहात. गावाला अजून रामदासपूर म्हणतात. चपला काढा, पाय धुवा, उपरणं डोक्यावर घ्या. सोनं मात्र शोधू नका. ते रणजितसिंहांच्या काळात, दोनशे वर्षांनी चढेल. आत्ता तळ्याच्या मधोमध एक साधं हरिमंदिर आहे.

रामसरकडून लोक गात येतात. बाबा बुढ्ढा नव्वदीपार गेलेले, तरी ग्रंथ त्यांच्याच डोक्यावर. मागून गुरू अर्जनदेव अनवाणी, हातात चवरी. राजावर ढाळायची चवरी, आणि इथे पोथीवर! भाई गुरदासांनी लिहून काढलेला, तीस रागांत लावलेला हा ग्रंथ.

दाराशी पाय अडखळतो, कारण इथे देवाकडे जायला पायऱ्या उतराव्या लागतात. दारं चार, चारी दिशांना. आत मूर्ती नाही. बाबा बुढ्ढा, हे पहिले ग्रंथी, ग्रंथ उघडतात; समोर येईल ते पद वाचतात. तोच हुकूम. मग रबाब लागतो. आरतीची, घंटेची वाट पाहू नका. मांडी घालून ऐकायचं, हीच इथली पूजा.

त्या पानांत नामदेवांची 61 पदं आहेत, विठ्ठलाच्या नावासकट. देवळातून आपल्याला उठवलं, आपण मागे जाऊन बसलो आणि देऊळच फिरलं, हेही त्यांतल्या एका पदात आहे. आपल्याकडे ती गोष्ट औंढा नागनाथाची म्हणून सांगतात. त्या पदाला याहून हक्काचं घर मिळालं नसतं, असं मला वाटतं. या घडीला पंढरपूरचं दार अस्पृश्यांना बंद आहे. ते उघडायला 1947 साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागेल.

गुरू अर्जनदेव एक्केचाळीस वर्षांचे. दोन वर्षांत, जहांगीरच्या राज्यात, लाहोरला हाल करून त्यांना मारतील. तुम्हाला ते ठाऊक आहे. सांगणार कुणाला?

लंगरात चला. कोण कुणाच्या शेजारी, याला इथे मान नाही. पंगत भरत जाते तसं बसायचं. तुम्ही सवयीनं उजवा हात पुढे करता. वाढणारा थबकतो, तुमचा डावा हातही ओढून ओंजळ करतो, मग पोळी ठेवतो. शेजारचा विचारतो, ‘‘कुठले?’’

‘‘दखनचे.’’

तो जरा सरकतो आणि डाळवाल्याला हाक मारतो.