ठेक्यावरचे वैमानिक

मीरा-भाईंदरच्या एखाद्या गच्चीवर रात्री उभे राहिले, तर मुंबईच्या आकाशात विमानांचे दिवे एकामागून एक सरकताना दिसतात. दिवाळीच्या दिवसांत घरची पोरे आकाशकंदील सोडून तिकडेच पाहत बसतात. विमान कोणत्या कंपनीचे आणि कोठून आले, हे आजची मुले चटकन सांगतात. मात्र ते चालविणारा मनुष्य कोणत्या अटींवर कामाला लागला आहे, हा प्रश्न मोठ्यांच्याही मनात येत नाही. वास्तविक आपला जीव कंपनीच्या नावापेक्षा त्या अटींवरच अधिक अवलंबून असतो. या अटींचा इतिहास आपल्या मुंबईच्या अंगणातच घडला आहे.

त्याचा आरंभ टपालापासून होतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी त्या पुढे मद्रासकडे नेल्या. जुहूचे मैदान म्हणजे समुद्रकाठचा चिखल. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, तेव्हा सारा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे. सरकारकडून अनुदान नव्हते; जेवढे टपाल वाहून नेले जाईल, तेवढे पैसे. धंदा ठेक्याचाच होता. पण त्यात एक गोष्ट मोठी होती. हवा पाहून ‘आज जायचे की नाही’ हे ठरविणारा मालक स्वतःच वैमानिक होता. धोका ज्याच्या माथी, निर्णयही त्याच्याच हाती, असे ते दिवस होते.

दुसरे महायुद्ध संपले आणि चित्र पालटले. अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेली डाकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली. हवाई दलातून मोकळे झालेले तरुण वैमानिक काम शोधीत होते. स्वस्त विमाने आणि स्वस्त शौर्य एकत्र आल्यावर कंपन्या न निघत्या तरच नवल! परवाने देण्यासाठी १९४६ साली मंडळ स्थापन झाले आणि परवान्यांची खैरात सुरू झाली. पुढच्याच वर्षी फाळणी झाली. त्या शरद ऋतूत या नागरी डाकोटांनी निर्वासितांना सीमेपलीकडून आणले, आणि २७ ऑक्टोबर १९४७ पासून श्रीनगरला सैनिक पोहोचविण्याच्या कामातही त्या हवाई दलाच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. त्या वैमानिकांचे उपकार देशाने विसरता कामा नयेत.

मात्र संकटकाळी जे शौर्य असते, तेच शांततेच्या काळात रोजचे वेळापत्रक बनले, तर त्याला शौर्य म्हणावे की शोषण? आणीबाणी सरली, पण कंपन्या उरल्या, आणि प्रवासी थोडे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेच्या आत माघारी फिरत. सकाळी मिळालेले पत्र उघडताना, ते आपल्यापर्यंत पोहोचावे म्हणून कोणी रात्र जागून काढली, याचा विचार कोण करतो?

याच सुमारास अंबिका, ज्युपिटर यांसारख्या कंपन्या बुडाल्या. तेव्हा सरकारने १९५० साली चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष. गरजेपेक्षा जास्त परवाने वाटले गेले, कंपन्यांची संख्या कमी केली पाहिजे, असा समितीचा निष्कर्ष निघाला. अखेर १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनचा कारभार सुरू झाला. तिच्याकडे आलेल्या ९९ विमानांपैकी ७४ डाकोटा होती.

सरकारी नोकरीमुळे यंत्र बिघडायचे थांबत नाही, हेही त्याच वर्षी दिसले. डिसेंबर १९५३ मध्ये रात्रीच्या टपालसेवेचे विमान नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून उडताच कोसळले. त्यातून एकटा वैमानिक वाचला. तेव्हा कायम नोकरी हे काही अपघातावरचे औषध नव्हे. पण तिने एक मोलाची गोष्ट दिली. ‘हवा ठीक नाही, मी जाणार नाही’ असे म्हणणाऱ्याच्या घरची चूल दुसऱ्या दिवशी विझत नसे.

भाड्याने विमान पुरविणाऱ्या लहान कंपन्या मात्र त्या छत्राबाहेरच राहिल्या. १९९४ साली जुना कायदा रद्द होऊन आकाश पुन्हा खाजगी कंपन्यांना खुले झाले, तेव्हा ठेकाही परतला. आज वैमानिक होण्यासाठी लाखो रुपये लागतात आणि मध्यमवर्गीय घरात ते कर्ज काढूनच उभे राहतात. डोक्यावर हप्ता आणि उत्पन्नाचा मोठा वाटा उड्डाणाच्या तासांवर, अशा माणसाला विश्रांती म्हणजे तोटा वाटू लागतो. किंगफिशर २०१२ साली बंद पडली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. दोन्ही वेळा पगार आधीच थकले होते आणि तरीही वैमानिक विमाने चालवीत होते. मोठ्या कंपन्यांत ही गत, तर दोन-चार विमानांच्या कंपनीत काय दाद मागायची? तेथे संघटना नाही. हाक येईल तेव्हा हजर व्हावे लागते.

२८ जून २०१८ रोजी जुहूहून एक लहान विमान दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी उडाले आणि भर पावसाळ्यात घाटकोपरच्या वस्तीत कोसळले. दोन वैमानिक, दोन तंत्रज्ञ आणि रस्त्याने जाणारा एक पादचारी असे पाच जीव गेले. हवा खराब असल्याने आज उड्डाण होणार नाही, असे सहवैमानिकेने घरी सांगितले होते, असे तिच्या घरच्यांनी वृत्तपत्रांना सांगितले. तो शोकाकुल घरचा आरोप होता, न्यायनिवाडा नव्हे. पण प्रश्न उरतोच. ‘होणार नाही’ म्हटलेले उड्डाण शेवटी ‘होते’ कसे? मधल्या वेळात कोण कोणाला काय म्हणते?

सरकारने २०२४ साली नवे नियम आणले. वैमानिकाची आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली आणि रात्रीच्या कामावर मर्यादा घातली. त्यांचा दुसरा टप्पा नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. डिसेंबरात इंडिगो या देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची उड्डाणे धडाधड रद्द झाली, आणि सरकारने तिला काही काळ सवलत दिली. माणसाला पुरती झोप द्यायची म्हटल्याबरोबर वेळापत्रक कोसळावे, यावरूनच ते कोणाच्या जागरणावर उभे होते हे उमगते.

आमच्या उपनगरातला गृहस्थ ८:१२ ची लोकल चुकली तरी हळहळतो. विमान चार तास खोळंबले तर तो संतापणारच. पण त्या विलंबामागे कधीकधी एका वैमानिकाचा नकार असतो. धुके आहे, इंजिनाचा आवाज बरा वाटत नाही, किंवा ‘मी थकलो आहे’ एवढेच. तो नकार उच्चारण्याचे बळ त्याच्या नेमणूकपत्रात असले पाहिजे. टाटांना ते मालकीने मिळाले होते, त्यानंतरच्यांना कायम नोकरीने. ठेक्यावरच्या वैमानिकाला ते कायद्यानेच मिळवून द्यावे लागेल. आणि कायदा जागा राहावा असे वाटत असेल, तर तिकीट काढणाऱ्यांनीही स्वस्त भाड्याबरोबर ही चौकशी करावयास हवी.