जुन्या ट्रॅक्टरांचे जतन

जुन्या ट्रॅक्टरांचे जतन : शेतीकामातून बाद झालेले ट्रॅक्टर दुरुस्त करून चालू स्थितीत ठेवणे आणि त्यांच्याशी निगडित माहिती व आठवणी जपणे, ही प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इ. देशांत रुजली. संग्रहालयातील जतनाहून ती एका बाबतीत वेगळी आहे. संग्रहालयात वस्तू आणखी खराब होऊ न देणे पुरेसे असते. येथे एंजिन सुरू होऊन नांगर जमिनीत चालला, तरच ट्रॅक्टर जतन झाला असे मानतात. त्यामुळे यंत्राबरोबरच ते चालविण्याचे व उघडून पुन्हा जोडण्याचे ज्ञानही टिकवावे लागते. कोणते ट्रॅक्टर टिकले आणि कोणते भंगारात गेले, हे पुष्कळ अंशी त्यांची दुरुस्ती सामान्य शेतकऱ्याला स्वतः करता येत होती की नाही, यावर अवलंबून राहिले. ‘फर्ग्युसन टीई–२०’ या ब्रिटिश ट्रॅक्टरच्या इतिहासावरून हे चांगले स्पष्ट होते.

अमेरिकेत जॉन फ्रोलिक यांनी १८९२ मध्ये पेट्रोलवर चालणारे व पुढे-मागे जाऊ शकणारे कर्षणयंत्र तयार केले. इंग्लंडमध्ये डॅन ॲल्बोन यांचा ‘आयव्हेल’ हा हलका ट्रॅक्टर विसाव्या शतकाच्या आरंभी पुढे आला. तथापि ट्रॅक्टर सामान्य शेतकऱ्याच्या आटोक्यात आणला तो हेन्री फोर्ड यांच्या ‘फोर्डसन’ने (१९१७). पहिल्या महायुद्धात अन्नटंचाईच्या भीतीने ब्रिटनने हे ट्रॅक्टर मोठ्या संख्येने मागविले. त्या काळच्या ट्रॅक्टरांत एक घातक दोष होता. मागे साखळीने जोडलेला नांगर दगडाला किंवा मुळाला अडला की, चाके जागीच थांबत. एंजिनचा जोर मात्र चालूच राहिल्याने ट्रॅक्टरचा पुढील भाग मागील आसाभोवती वर उचलला जाई व प्रसंगी सबंध ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटे.

या दोषाचे निवारण उत्तर आयर्लंडमधील हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) यांनी केले. ते शेतकऱ्याचे पुत्र असून १९०९ मध्ये स्वतः बांधलेल्या विमानातून आयर्लंडमध्ये त्यांनी उड्डाण केले होते. पहिल्या महायुद्धकाळात आयर्लंडच्या कृषी मंडळाने ट्रॅक्टरांची कार्यक्षमता वाढविण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले, तेव्हा नांगर हा ट्रॅक्टरमागे ओढावयाचा वेगळा भाग नसून दोहोंचे मिळून एकच यंत्र झाले पाहिजे, या निष्कर्षाप्रत ते आले. त्यांच्या पद्धतीत नांगर तीन ठिकाणी जोडलेला असतो. खालचे दोन दांडे त्यास ओढतात, तर वरच्या दांड्यावर नांगराच्या पुढे कलण्याच्या प्रवृत्तीमुळे दाब येतो. जमीन कठीण लागली की हा दाब वाढतो, तो स्प्रिंगेमार्फत द्रवीय यंत्रणेच्या झडपेपर्यंत पोहोचतो आणि नांगर किंचित वर उचलला जातो. या क्रियेत नांगराचा व त्यावरील मातीचा भार मागील चाकांवर येऊन त्यांची पकड वाढते, तर वरच्या दांड्याचा रेटा पुढील चाके जमिनीवर ठेवतो. परिणामी सु. एक टन वजनाच्या हलक्या ट्रॅक्टरकडून भारी ट्रॅक्टरचे काम होऊ लागले. आजचे बहुतेक सर्व शेती-ट्रॅक्टर ही तीन बिंदूंची जोडणी वापरतात.

फर्ग्युसन यांनी १९३८ मध्ये हेन्री फोर्ड यांच्याशी केवळ हस्तांदोलनाने करार केला व त्यातून १९३९ मध्ये ‘फोर्ड ९एन’ निघाला. फोर्डच्या नातवाने हा करार मोडल्यावर दीर्घ खटला चालला आणि १९५२ मध्ये फर्ग्युसन यांना ९२·५ लाख डॉलर मिळून तो मिटला. दरम्यान १९४६ मध्ये कॉव्हेंट्री येथे, युद्धकाळात विमानांची एंजिने बनविणाऱ्या कारखान्यात, स्टँडर्ड मोटर कंपनीकडून टीई–२०चे उत्पादन सुरू झाले. १९५६ पर्यंत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. त्यांच्या करड्या रंगामुळे लोकांनी त्यांस ‘लिटल ग्रे फर्गी’ असे लाडके नाव दिले.

आज इतक्या मोठ्या संख्येने टीई–२० चालू स्थितीत आढळतात, याचे कारण उत्पादनाच्या आकड्याइतकेच त्यांच्या रचनेत आहे. नांगराची नेहमीची जुळवाजुळव करण्यास ट्रॅक्टरबरोबर मिळणारा एकच पाना पुरे. त्यावर इंचांच्या खुणा असल्याने तासाची रुंदी मोजण्यासही तोच उपयोगी पडे. स्टँडर्ड एंजिनातील सिलिंडरांची अस्तरे बदलता येण्याजोगी आहेत. झीज झाल्यास ठोकळा यंत्रशाळेत नेऊन कोरून घ्यावा लागत नाही. नवी अस्तरे व दट्ट्ये बसविले की एंजिन पुन्हा मूळ मापाचे होते. गिअरची दांडी एका ठराविक खाचेत नेल्यावरच एंजिन सुरू होत असल्याने ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना चुकून सुरू होऊन पुढे धावत नाही. याच जातीचे एंजिन स्टँडर्ड व्हॅनगार्ड व ट्रायंफ टीआर–२ या मोटारगाड्यांतही वापरले गेले.

कित्येक वर्षे कुंपणालगत उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचे पहिले दुखणे म्हणजे अडकलेले एंजिन. दट्ट्ये सिलिंडरात गंजून घट्ट बसतात. अशा वेळी घाई करणारा दट्ट्या फोडतो. अनुभवी माणूस प्रज्वलक काढून त्या छिद्रांतून पातळ तेल सोडतो, काही दिवस थांबतो आणि मग वरच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर थोडा पुढे, थोडा मागे ढकलतो. थंड प्रदेशात दुसरा दोष नेहमी आढळतो : हिवाळ्यात पाणी काढून न टाकल्याने ते गोठून प्रसरण पावते आणि ओतीव लोखंडाचा ठोकळा तडकतो. त्याची डागडुजी खर्चिक व बेभरवशाची असल्याने ट्रॅक्टर विकत घेणारा प्रथम ठोकळ्याच्या बाजू पाहतो.

इंधनाचा प्रश्न अधिक बिकट झाला. १९४९ पासून टीई–२०चा एक प्रकार रॉकेलसदृश, पेट्रोलहून स्वस्त अशा ट्रॅक्टर-तेलावर चालत असे. एंजिन पेट्रोलवर सुरू करून पुरेसे तापल्यावर तोटी फिरवून या तेलावर घ्यावयाचे व उष्णता टिकविण्यासाठी रेडिएटरवर पडदा ओढावयाचा, अशी पद्धत होती. एंजिन थंड राहिल्यास न जळलेले तेल खाली उतरून वंगण पातळ होई. डीझेल ट्रॅक्टर सर्वत्र झाल्यावर १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये या तेलाची नियमित विक्री बंद पडली. तेव्हापासून जुन्या ट्रॅक्टरांचे मालक घरे तापविण्याच्या रॉकेलात पेट्रोल मिसळून काम भागवितात. यंत्र शाबूत असूनही त्याचे खाद्यच बाजारातून नाहीसे व्हावे, अशी उदाहरणे यंत्रांच्या इतिहासात थोडी नाहीत.

मिश्रणाचे प्रमाण, झडपांतील अंतर, अनुक्रमांकावरून उत्पादनाचे वर्ष ओळखण्याची रीत अशी माहिती ‘फ्रेंड्स ऑफ फर्ग्युसन हेरिटेज’सारख्या संस्थांमधून, मेळाव्यांतून व नांगरणीच्या स्पर्धांतून एकाकडून दुसऱ्याकडे जाते. तिच्याबरोबरच आठवणीही जातात. इंग्लंडमधील घोड्यांच्या शेतीच्या आठवणी जॉर्ज यूअर्ट एव्हान्स यांनी १९५० च्या दशकापासून परिश्रमाने गोळा केल्या. ट्रॅक्टरचालकांच्या आठवणी मात्र बव्हंशी त्यांनी स्वतःच सांगितल्या व जपल्या. शेवटचा घोडा विकला तो दिवस, गरम तेलाचा वास, गवताच्या गाठी भरताना सुकाणू धरण्यास बसविलेले लहान मूल, हे विषय त्यांत वारंवार येतात. शेवटच्या आठवणीला दुसरी बाजूही आहे. ब्रिटनमध्ये तेरा वर्षांखालील मुलांना ट्रॅक्टर चालविण्यास १९५८ च्या नियमांनी बंदी झाली, तर उलटण्यापासून संरक्षण देणारी चौकट नव्या ट्रॅक्टरांवर १९७० पासून सक्तीची झाली. या दोन्ही गोष्टी अनेक मृत्यूंनंतर घडल्या. मेळाव्यातील चकचकीत ट्रॅक्टर पाहताना हे सहसा कोणाला आठवत नाही. एडमंड हिलरी यांची तुकडी पट्टे बसविलेल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांसह ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचली, ही हकीकत मात्र प्रत्येक फर्ग्युसन-मालकाला पाठ असते.

जतन करणाऱ्यांत रंगावरून जुना वाद आहे. काही जण ट्रॅक्टर पूर्ण सुटा करून कारखान्यातून निघाला होता तसा करडा करतात. काही जण झिजलेला पत्रा, शेतकऱ्याने स्वतः मारलेले ठिगळ व बोथट अक्षरे तशीच ठेवतात. दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. रंग केव्हाही देता येतो. पावडीवर तीस वर्षांच्या बुटांनी पाडलेली झीज मात्र एकदा भरून काढली की ती पुन्हा आणता येत नाही.

१९८० नंतरच्या ट्रॅक्टरांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे उत्तरोत्तर वाढत गेली व अनेक दुरुस्त्यांसाठी उत्पादकाची आज्ञावली लागू लागली. अमेरिकेत त्यामुळे साध्या, जुन्या ट्रॅक्टरांना लिलावात मागणी आली. शेतकऱ्याला दुरुस्तीची साधने व माहिती देणे उत्पादकांवर बंधनकारक करणारा कायदा कोलोराडो राज्याने २०२३ मध्ये केला.

भारतात फर्ग्युसन-परंपरा मद्रासमार्गे आली. १९६० मध्ये तेथे स्थापन झालेल्या ‘टाफे’ कंपनीने मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर बनविले. त्यांचा मूळ नमुना टीई–२०च्या जागी १९५६ मध्ये आलेला ‘३५’ हा होय. त्याआधी १९५९ मध्ये फरीदाबाद येथे आयशर ट्रॅक्टर तयार होऊ लागले होते, तर मुंबईत १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी निघून तिचा ‘बी–२७५’ महाराष्ट्रात परिचित झाला. येथे जुना ट्रॅक्टर हा अद्याप छंदाचा विषय झालेला नाही. तो उसाची ट्रॉली ओढतो, मळणीयंत्र फिरवितो आणि खंडेनवमीला हळदकुंकू लावून घेतो. त्याचे खरे जतनकर्ते तालुक्याच्या गावचे मिस्त्री आहेत. एंजिनच्या आवाजावरून दोष ओळखणाऱ्या या कारागिरांचे ज्ञान लिहून ठेवण्याचे काम फारसे झालेले नाही. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीच्या सहकार्याने निघालेल्या पिंजोर येथील ‘एचएमटी’ ट्रॅक्टर-विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. त्या ट्रॅक्टरांच्या मालकांना आता सुट्या भागांसाठी जुना बाजार आणि हे मिस्त्री यांचाच आधार आहे.