कनिष्काच्या मुद्रेवरील 'बोद्दो'

राजाच्या नाण्यावर राजाचाच गौरव असावा, ही जुनी रीत होय. कुषाण सम्राट कनिष्काच्या सुवर्णमुद्रेवरही एका बाजूस वेदीवर आहुती देणारा राजा असून 'राजाधिराज' ही पदवी बॅक्ट्रियन भाषेत कोरलेली आहे. दुसऱ्या बाजूस मात्र अभयमुद्रेत उभे असलेले भगवान बुद्ध आणि ग्रीक लिपीत 'बोद्दो' हे नाव दिसते. या पुराव्याचा आम्हांस आनंद आहे. तथापि एवढ्यावरून कनिष्क केवळ बुद्धाचाच उपासक होता, असे ठरविणे युक्त नव्हे. त्याच्या बहुसंख्य नाण्यांवर मिहिर, नना आदी देवता असून बुद्धांकित मुद्रा विरळाच आहेत. केवळ परंपरेने चालत आले म्हणून स्वीकारू नका, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश इतिहासलेखकासही लागू आहे. पुराव्याहून अधिक बोलल्याने धम्माचा गौरव वाढत नाही.