काला अंब आणि नादाचे वजन

पानिपतजवळच्या काला अंब येथे १४ जानेवारीस मराठी माणसे १७६१ च्या रणाचे स्मरण करतात. त्या रणावरचा पोवाडा ऐकावा. नादाचे वजन एकट्या शाहिराच्या कंठात नसते. मागून झीलकरी सूर उचलतात, तेव्हा ते येते.

घरच्या खोलीत गिटारचा भारदस्त नाद मुद्रित करू पाहणारा तरुण नेमके हेच विसरतो. त्या नादाचा जन्म, खरे तर, मोडतोडीतला. लंडनच्या डेव्ह डेव्हिसने ध्वनिवर्धकाचा पडदा पात्याने चिरला. ती खरखर १९६४ च्या तबकडीवर उमटली. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात १९६५ साली टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोके तुटली. पुढे त्याने तारा सैल करून खर्ज गाठला. तेव्हापासून खरखर म्हणजेच बळ, असा समज रूढ झाला. वस्तुतः ती अति झाली की आघाताची धार बुजते. जाणते वादक ती थोडी उतरवून तोच तुकडा दोनदा वाजवतात आणि एक डाव्या, दुसरा उजव्या कानास देतात. दोन वादनांत केसाएवढा फरक पडतो. तोच झीलकऱ्याचे काम करतो. एकाच मुद्रणाची नक्कल जोडून भागत नाही. तिने आवाज मोठा होतो, रुंद होत नाही.